वाचकाचे पत्र : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

समलिंगी वाचकवर्गासाठी निघालेल्या नियतकालिकांचा विचार आपल्याकडे झालाच तर तो समाजशास्त्राच्या दालनात होतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यांची दखल घ्यावी, असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. जी थोडी दखल घेतली जाते तीत चळवळीच्या तारखा असतात, मजकुराचे परीक्षण नसते. वस्तुतः या मजकुराचे परीक्षण हिरिरीने केले ते न्यायालयांनी. आणि त्यांचे निकष कित्येकदा टीकाकाराचेच होते.

लॉस एंजेलिस येथून १९५३ साली निघू लागलेल्या ‘वन’ या मासिकाचे उदाहरण घ्यावे. त्याचा ऑक्टोबर १९५४ चा अंक अश्लील ठरवून टपालखात्याने अडवला. अपील न्यायालयाने १९५७ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. त्या अंकातील एका कथेत तरुण नायिका विवाहाची संधी सोडून आपल्या मैत्रिणीबरोबर राहण्याचे ठरवते. न्यायालयाच्या रोषात या शेवटाचा वाटा मोठा होता, हे निकालपत्र वाचताना लपत नाही. नायिकेस पश्चात्ताप झाला असता तर कथा एवढी खुपली असती काय? सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९५८ रोजी तो निर्णय फिरवला, तो तोंडी युक्तिवादही न ऐकता. मासिक सुटले, कथेची चर्चा मात्र तेथेच राहिली.

मराठीत हा प्रश्न त्याहून वीस वर्षे आधी उपस्थित झाला होता. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ पर्यंत मुंबईहून निघत असे. ते समलिंगी वाचकांचे मासिक नव्हते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. परंतु त्याच्या प्रश्नोत्तरांच्या सदरात हस्तमैथुन, समलिंगी संबंध इत्यादी विषयांवर वाचक मोकळेपणाने विचारीत आणि कर्वे मोकळेपणाने उत्तरे देत. १९३४ साली खटला झाला तो याच सदरावरून. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन त्या विषयामुळेच अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तरीही कर्व्यांस दोनशे रुपये दंड झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शिक्षा कथेस वा चित्रास झाली नाही. ती एका संवादास झाली.

या संवादाची घडण मात्र एकेरी आहे. वाचक अज्ञानातून विचारतो, संपादक ज्ञानाच्या उंचीवरून सांगतो. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्यांची उत्तरेही उदाहरण सोडविल्यासारखी आटोपशीर, निर्विकार असतात. हा त्यांचा गुण आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्यास आपल्यासारखा दुसरा कोणी आहे काय, हे त्या सदरातून कळत नाही.

ती सोय झाली १९९० मध्ये, अशोक राव कवी यांनी त्याच मुंबईत सुरू केलेल्या ‘बॉम्बे दोस्त’मध्ये. येथे वाचक संपादकास पुसत नाही, तो दुसऱ्या वाचकाशी बोलतो. नावातील ‘दोस्त’ हा शब्द या दृष्टीने अन्वर्थक आहे. २००२ मध्ये हे नियतकालिक थांबले आणि २००९ मध्ये पुन्हा निघाले. त्यातील कथाकविता सामान्य आहेत असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही. त्याचे बळ पत्रव्यवहारात आहे. तथापि एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. हे दोस्ताचे बोलणे मुख्यतः इंग्रजीत होते. झुरिकचे ‘देर क्राइस’ हे १९६७ पर्यंत चाललेले मासिक जर्मन, फ्रेंच आणि पुढे इंग्रजी अशा तीन भाषांत निघे. एकाच अंकात तीन वाचकवर्ग शेजारी बसत. मुंबईसारख्या शहरात ते अशक्य होते असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. पैशाची ओढाताण, लेखकांची वाण आणि मराठी छापखान्यातील ओळखीच्या माणसांचे भय ही कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु परिणाम असा की, १९३४ मध्ये ज्या प्रश्नांना मराठी वाक्यरचना होती, त्यांच्या उत्तरार्धास ती मिळाली नाही. गिरगावातील वा सोलापुरातील वाचकास स्वतःविषयी बोलावयाचे तर एक तर शिवी किंवा संस्कृत परिभाषा, एवढेच हाताशी राहिले. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील सुमित्राची कोंडी काही अंशी याच भाषिक दारिद्र्याची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या पत्रांच्या अभ्यासात एक अडचण आहे, तिचा उल्लेख करणे अवश्य आहे. अशी पत्रे बहुधा निनावी किंवा टोपणनावाची असतात. संपादकाने ती निवडलेली, कापलेली, प्रसंगी स्वतःच रचलेलीही असू शकतात. म्हणून त्यांस निव्वळ पुरावा मानणे धोक्याचे आहे. त्यांतील संबोधन, कबुलीचा क्रम, आणि जे नाव घेऊन सांगता येत नाही त्यासाठी योजलेले आडवळणाचे शब्द यांचे वाचन कथेच्या वाचनाइतक्याच काटेकोरपणे झाले पाहिजे. आणि त्याचा आरंभ ‘समाजस्वास्थ्य’च्या प्रश्नोत्तरांपासून करणे सोयीचे पडेल, कारण तेथे पत्रलेखकाची मराठी आणि कर्व्यांची मराठी एकाच पृष्ठावर तपासता येते.