फोटो भारी आहे, पण पुरावा आहे का?

कीटकाचा जवळून काढलेला फोटो, म्हणजे मॅक्रो, आपल्याला कसा आवडतो? डोळे कडक फोकसमध्ये, मागचं सगळं विरघळलेलं. लाईक्स मिळतात, आणि मिळायलाच हव्यात. पण हाच फोटो संशोधनाच्या प्रस्तावात 'डेटा' म्हणून आला की त्याला वेगळे निकष लागतात. हल्ली बरेच विद्यार्थी कॅमेऱ्यापासूनच सुरुवात करतात, म्हणून ते निकष आधीच पाहून घेऊ. उदाहरणाला गाव घेऊ देवबाग.

मालवण तालुक्यातलं देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. बऱ्याच ठिकाणी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत काही मिनिटांत चालत जाता येतं. तेवढ्यात उघडी वाळू, माडाच्या बागा, घरांची परसं आणि खाडीकाठची कांदळवनं लागतात. त्यामुळे 'कोणता कीटक' एवढाच प्रश्न इथे पुरत नाही. 'या पट्टीत नेमका कुठे, कशावर' हेही विचारावं लागतं. त्यात किनाऱ्याची धूप ही इथली जुनी डोकेदुखी. आजच्या नोंदी उद्या तुलनेला लागणार आहेत.

आणि मॅक्रो नेमकं हेच 'कुठे, कशावर' पुसून टाकतो. पार्श्वभूमी जितकी गुळगुळीत, तितका फोटो देखणा. पण पान कोणतं, खोड कसलं, शेजारी कोण, हे सगळं गेलं.

आता थोडं गणित. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ आकारात, एफ/८ ला, स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मिलिमीटर असते. एफ/१६ केलं तर साधारण २ मिलिमीटर, पण विवर्तनामुळे बारीक तपशील मऊ पडायला लागतात. आंब्या-काजूच्या झाडांवर पानं जोडून घरटं करणारी तांबडी मुंगी घ्या. मोठी कामकरी मुंगी ८-१० मिलिमीटरची. समोरून फोटो काढला तर डोळे आणि जबडा स्पष्ट, बाकी धुकं.

'मग काय झालं, मुंगी ओळखू येतेय ना?' इथेच घोळ आहे. मिरमाप्लाटा प्लॅटॅलिओइडीस नावाचा उडी मारणारा कोळी हुबेहूब याच मुंगीसारखा दिसतो आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे उंचावून चालतो. मुंगी की कोळी, हे पाय मोजल्यावर कळतं. पाय धुक्यात असतील तर काय मोजणार? तेच अंगाला समांतर, बाजूने काढलेल्या फोटोत सगळे पाय एका प्रतलात यायची शक्यता जास्त. तो फोटो कमी नाट्यमय असेल, पण उत्तर देईल.

अनेक फोटो जोडून खोली वाढवता येते, पण समुद्राच्या वाऱ्यात पान हलत असतं. मग काही जण कीटक फ्रीजमध्ये थंड करून आणतात. तशा फोटोतली बसण्याची ढब, झाड, वेळ यांतलं काहीच नोंद म्हणून धरता येत नाही.

पुढचा मुद्दा जागेचा. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकताना अचूकतेचं वर्तुळ असतं. देवबागेत ते ५०० मीटरचं असेल, तर वाळू, माड, कांदळवन सगळंच त्यात मावू शकतं! तरीही तारीख, ठिकाण, फोटो असला आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं, की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' मिळू शकतो. तो शिक्का ओळखीबद्दल आहे. ती नोंद तुमच्या प्रश्नाला पुरते का, हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

याचा अर्थ फोटो कुचकामी असा नाही. मलेशियात हॉक पिंग गुएक यांनी एका हिरव्या लेसविंगचा फोटो फ्लिकरवर टाकला. कॅलिफोर्नियातले शॉन विंटरटन यांना तो वेगळा वाटला. पण 'सेमाक्रायसा जेड' ही प्रजाती २०१२ मध्ये जाहीर झाली ती प्रत्यक्ष नमुना मिळून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तपासला गेल्यावर. आपल्याकडेही शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि २०२० मध्ये कोकण किनाऱ्यावरून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर नव्याने मांडला, तो जतन केलेल्या नमुन्यांच्या आधारे. उलट उदाहरणही आहे: २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली एक माशी फक्त फोटोंवरून नवी प्रजाती म्हणून मांडली गेली, आणि त्यावर वर्गीकरणतज्ज्ञांत जोरदार वाद झाला. फोटो प्रश्न उभा करतो. उत्तराला बऱ्याचदा नमुना लागतो, कारण तो उद्या दुसऱ्या कुणालाही पुन्हा तपासता येतो.

म्हणून प्रत्येक कीटकाचे किमान चार फोटो काढा: दुरून अधिवास, मग झाड किंवा पान, मग बाजूने पूर्ण शरीर, आणि शेवटी तो देखणा चेहरा. सोबत वेळ, जागेची अचूकता आणि वनस्पतीचं नाव लिहा. चेहऱ्याचा फोटो प्रबंधाच्या मुखपृष्ठावर जरूर लावा. तोंडी परीक्षेत मात्र तुमच्या बाजूने पहिले तीनच बोलतील.