खवला आणि टोपी : चित्रपुस्तकांतील मैत्रीची दोन रूपे

मैत्री आणि समावेशन हा विषय लहान मुलांना शिकवायचा म्हटला की आमचे छात्रशिक्षक बहुधा मार्कुस फिस्टर यांचे ‘द रेनबो फिश’ उचलून आणतात. १९९२ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेले हे पुस्तक जगभर पोहोचले. त्यातील चमचमत्या खवल्यांवरून मुलांची बोटे आपोआप फिरतात. गोष्ट अशी की, सर्वांत सुंदर मासा छोट्या निळ्या माशाला एक खवला द्यायला उर्मटपणे नकार देतो आणि मग सारे त्याला टाळू लागतात. शहाणा ऑक्टोपस सांगतो, प्रत्येकाला एकेक खवला देऊन टाक. मासा तसे करतो. शेवटी अंगावर एकच चकाकता खवला उरतो, पण सोबत मिळते.

वाटून घेण्याचा धडा म्हणून या कथेचे कौतुक होते. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. डब्यातला खाऊ वाटणे वेगळे आणि अंगावरचा खवला काढून देणे वेगळे. एका पाठाच्या वेळी पहिलीतल्या मुलीने विचारले, ‘काढताना त्याला दुखलं नाही का?’ छात्रशिक्षिकेकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. माशाचा उर्मटपणा चूकच, पण त्याबद्दल तो माफी मागत नाही, फक्त किंमत चुकती करतो. ज्या मुलाचे नाव, बोली किंवा पेहराव वर्गात उठून दिसतो त्याने यातून काय घ्यावे? तुझे वेगळेपण थोडेथोडे उतरवून ठेव, मग आम्ही तुझ्याशी खेळू, हेच ना?

नीना सबनानी यांचे ‘मुकंद अँड रियाझ’ याच्या शेजारी ठेवून पाहावे. आधी लघुपट आणि पुढे २००७ साली चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचे पुस्तक, असा त्याचा प्रवास. लेखिकेच्या वडिलांची आठवण त्यामागे आहे. चित्रे कापडावर कापडाचे तुकडे शिवावेत तशी. सिंध-कच्छकडच्या स्त्रियांच्या हातच्या कामाची ती रीत आहे. १९४७ चे कराची. मुकंद आणि रियाझ जिवलग, पण मुकंद आपली क्रिकेटची टोपी काही रियाझला देत नाही. दोस्ती त्यामुळे अडत नाही, हे महत्त्वाचे! फाळणी होते. रियाझ मुकंदच्या घरच्यांसाठी जिना टोप्या आणि कपडे आणतो, ते वेष पालटून बंदर गाठतात. जहाज सुटते तेव्हा मुकंद आपली टोपी रियाझकडे भिरकावतो.

टोपी इथेही दिली जाते, पण मैत्री मिळावी म्हणून नव्हे. मैत्री आहे म्हणून. दोन पुस्तकांतला सारा फरक या एका कृतीत आहे.

जाता जाता एक भाषिक निरीक्षण. मराठीत आपण ‘सामावून घेणे’ म्हणतो. त्यात घेणारा घरमालक आणि येणारा पाहुणा ठरतो. उर्दूतले ‘शामिल करना’ त्याच जातीचे. दोस्ती मात्र दोन्ही भाषांत जुळते, निभावली जाते. तिथे मालक कोणी नसतो.

‘मुकंद अँड रियाझ’मध्येही उणीव आहेच. आठवण मुकंदच्या बाजूची असल्याने धक्क्यावर उरलेल्या रियाझचे पुढे काय झाले, हे कळत नाही. शिवाय फाळणी का झाली, हे सहा वर्षांच्या मुलाला सांगण्याचा भार शिक्षकावर येतो. काही सहकारी त्याच भीतीने हे पुस्तक बाजूला ठेवतात. मला वाटते, भीती खवल्याच्या गोष्टीची अधिक वाटावी. आमच्या बेळगावात मराठी, कन्नड, उर्दू माध्यमांच्या शाळा वेगळ्या. एका गल्लीत राहणारी मुले सकाळी तीन दिशांना जातात. अशा वर्गात ज्याच्याशी मैत्री करायची तो बाकावर नसतोच. रियाझ निदान पानावर तरी भेटतो.

मी छात्रशिक्षकांना शेवटच्या चित्रापाशी थांबायला सांगतो. रियाझ बंदरावरून घरी परतल्यावर त्या टोपीचे काय करील, हे मुलांनी चितारावे. गेल्या खेपेला एका मुलाने टोपी डोक्यावर काढलीच नाही, खुंटीवर टांगली. विचारले तर म्हणाला, ‘तो परत येईल तेव्हा लागेल.’