कोऱ्या पानांची समीक्षा

समीक्षक छापील ओळी वाचतात. आपण आज न छापलेली पानं वाचू.

२०२३ साली महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण खात्याने शासन निर्णय काढला. प्राथमिक वर्गांच्या बालभारतीच्या पुस्तकांत धड्यागणिक नोंदीसाठी कोरी पानं घालायची, पुस्तकाचे चार भाग करायचे. कारणं दोन दिली. गरिबाच्या लेकरांना वह्या परवडत नाहीत, आणि दप्तराचं ओझं फार झालंय. त्याच वर्षी ही पुस्तकं पोरांच्या हातात पडली. जानेवारी २०२५ मध्ये खात्यानेच कोरी पानं रद्द केली. पानांचा नीट वापर होत नाही, पोरं वह्या आणतातच, ओझं काही हललं नाही, असं सांगितलं. फाईल बंद.

फाईल बंद झाली म्हणून प्रश्न मिटत नसतो, दोस्तहो.

बालभारती १९६७ साली पुण्यात उभी राहिली हे चांगलंच झालं. सरकारनं पुस्तक छापलं म्हणून किंमत आवाक्यात राहिली. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ते फुकटही मिळतं. पण पुस्तक फुकट मिळालं म्हणजे शिकणं फुकट होत नाही. वही लागते, पेन्सिल लागते, कंपासपेटी लागते. हे खात्याला कळलं, तेवढ्यापुरतं त्याचं मान्य करू. कळल्यावर काय केलं, भांडण तिथं आहे.

वहीची गरज होती, वही द्यायची. त्याऐवजी पानं मोजून दिली. आता सांगा, भागाकार शिकणारं पोर एका पानात शिकतं का? ते चुकतं, खोडतं, पुन्हा मांडतं. चुकायला कागद लागतो. खात्यापित्या घरच्या पोराला चुकायला कागदाचा गठ्ठा असतो, म्हणून ते हुशार ठरतं. आमच्या पोरानं मोजक्या पानांत, खाडाखोड न करता, पहिल्याच फटक्यात बरोबर यायचं! ही कसली सवलत? ही तर परीक्षाच झाली. मग आई मजुरीतले पैसे काढून वही आणतेच. आणि वरून साहेब म्हणतात, पोरं पानांचा वापर करत नाहीत.

दुसरी गोष्ट. आपल्या वस्तीत पुस्तक एका हातानं संपत नाही. थोरलीचं पुस्तक धाकट्याकडं जातं, धाकट्याचं शेजारच्या घरात. कव्हर फाटतं, खळीनं चिकटवतात, पुन्हा चालतं. जूनमध्ये अर्ध्या किमतीला जुनी पुस्तकं घेऊन किती घरं वर्ष काढतात! ही गरिबांनी स्वतः उभी केलेली योजना. तिला शासन निर्णय लागला नाही. पुस्तकातच वही शिवली की पहिल्या पोराच्या अक्षरांनी ते भरलं, पुढच्याच्या कामाचं राहिलं नाही. स्वस्ताईच्या नावानं आमची खरी स्वस्ताई मोडायला निघाले होते. आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ठरवणाऱ्यांच्या घरात पुस्तक कधी दुसऱ्यांदा वापरावं लागत नाही.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं हाच हिशोब मांडला होता. पैसा रयतेच्या घामाचा, आणि तो खर्ची पडतो वरच्यांच्या शिक्षणावर. आज खर्च निदान आमच्या नावावर पडतो, हा बदल खरा. पण कागद घेतला, छापला, बांधला, गावोगाव वाहून नेला आणि दोन वर्षांत चूक झाली म्हणून सोडून दिला. तो पैसाही रयतेचाच. चुकायला खात्याला केवढा कागद मिळाला बघा!

तिसरं पान सगळ्यात कोरं आहे. फुकट पुस्तक आठवीला संपतं. नववीपासून पुस्तक विकत, वही विकत, सराव परीक्षेचे पेपर विकत. नेमकं त्याच वयात पोराचा हात कामाला लागायच्या लायकीचा होतो. घर दोन्ही पारड्यांत तोलतं आणि पोरगं वीटभट्टीवर जातं, पोरगी लग्नाला लागते. या पानावर खात्यानं काहीच लिहिलेलं नाही.

मागणं साधं आहे. इयत्तेप्रमाणं लागतील तेवढ्या वह्या मोजा, पुस्तकाबरोबर जूनमध्येच हातात द्या, आणि दहावीपर्यंत द्या. मोजता येत नसेल तर वस्तीतल्या कुठल्याही थोरल्या बहिणीला विचारा. तिला तोंडपाठ आहे.