गौरवपत्रातील अनाम मृत

परभूमीवर पडलेल्या तरुण सैनिकाचे स्मरण कोणत्या रूपाने करावे, हा प्रश्न भावनेचा आहे तितकाच वाङ्मयप्रकाराचाही आहे. आपल्या परंपरेने अशा स्मरणासाठी वीरगळ घडवला. खाली झुंज, त्यावर स्वर्गारोहण, माथ्याशी शिवलिंगाची पूजा, एवढाच त्याचा मजकूर. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. पण दगड गावाच्या परिसरात उभा असल्याने नावाचे काम स्थळ करते.

वासाहतिक युद्धांनी हे स्थळच हिरावले. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसल्या. गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढेच त्या सांगतात. मृत्यूचे स्थळ नाही, नावही नाही. उरते ती बेरीज.

दुसऱ्या महायुद्धात बेरजेतून एखादे नाव वर आले, ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या गौरवपत्रातून. कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी, वयाच्या 22व्या वर्षी, इटलीत मारले गेले. ज्ञात कबर नसल्याने त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव मात्र वाचले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर कंपनीचा हा निरोप्या दोन जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे घेऊन आला, पुन्हा नदी ओलांडून गेला आणि त्याने मशीनगनची तीन ठाणी निकामी केली.

या दोन्ही गौरवपत्रांची वाक्यरचना तपासण्याजोगी आहे. दोहोंतही नायकाभोवतीचे जवळजवळ सारे सैनिक आधीच मृत वा जखमी होतात, आणि तेही एखाद्या वाक्यात. त्यांचे पडणे ही पराक्रमाची केवळ पूर्वअट ठरते. जाधवांच्या कृतीमागे मृत सोबत्यांचा सूड घेण्याचा निश्चय होता, असे गौरवपत्रच सांगते. पण ते सोबती कोण, हे सांगत नाही. ज्या स्मरणातून कृती घडली, त्याचा विषयच संहितेने अनाम ठेवला. साम्राज्याला शौर्याची नोंद हवी होती. शोक तिच्या कक्षेबाहेरचा होता.

मग तो शोक राष्ट्राने केला काय? 1944च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच जिल्ह्याचा जाधव बंदी घालणाऱ्या सत्तेसाठी लढत होता. स्वातंत्र्याच्या कथनात अशा सैनिकाचे मरण अवघडच ठरणार. त्याला हुतात्मा म्हणता येत नाही. भाडोत्री म्हणून मोकळे होणे तर शेतकरी घरांच्या गरजेकडे पाठ फिरवणे होय.

2023 साली इटलीतील मोंतोने येथे घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले. नावाला स्थळ मिळाले, तेही परमुलखात. ते स्वागतार्हच, परंतु मराठी समीक्षेची जबाबदारी त्याने फिटत नाही. पाटीवरचा आकडा आणि गौरवपत्रातील ते ओझरते वाक्य यांनाही संहिता मानून वाचणे, तेथे वगळलेल्या माणसाविषयी विचारणे, हे समीक्षेचेच काम आहे. वीराची नोंद झाली आहे. त्याच्या शेजारी पडलेल्याचा वीरगळ अजून घडायचा आहे.