आईने कोरलेला राजा

तुतनखामेन विशीच्या आत गेला. पुढे राजांच्या याद्यांतून त्याचं नावही गाळलं गेलं. १९२२ साली त्याचं जवळपास शाबूत थडगं सापडलं आणि तो जगातला सगळ्यात ओळखीचा फराओ झाला. कीर्ती बऱ्याचदा राजाने काय केलं यापेक्षा त्याच्यामागे काय उरलं यावर ठरते. आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णीचं तसंच झालं.

दर पाडव्याला फॉरवर्ड येतो: त्याने शकांना हरवलं, म्हणून शालिवाहन शक. पण ही कालगणना आधी वापरली ती शक क्षत्रपांनीच. शालिवाहनाचं नाव तिला कित्येक शतकांनी जोडलं गेलं.

त्याची खरी प्रतिमा आहे नाशिकच्या पांडवलेण्यांत, ३ क्रमांकाच्या लेण्यात. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी गौतमी बलश्रीने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि दानलेखात मुलाचं वर्णन कोरवलं. इतिहासाची पुस्तकं त्यातून प्रदेशांची यादी उचलतात. मला तो आधी एका आईचा मजकूर वाटतो. चंद्रासारखा चेहरा, हत्तीची चाल, भरदार दंड, आणि या सगळ्या थाटामाटात मध्येच एक घरगुती गोष्ट: हा आईची सेवा कधी न चुकवणारा होता. दरबारी कवीला हे सुचलं असतं का?

लेखातली काही वाक्यं खरी ठरतात. क्षहरातांचा नाश केल्याचा दावा घ्या. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे.

पण त्याने वर्णसंकर थांबवला, असंही तिथे कोरलंय. त्याचं उत्तर बोरिवलीत आहे. कान्हेरीच्या एका पोढीवरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी भेटते. तो याच घराण्यातला, बहुतेकांच्या मते गौतमीपुत्राचा मुलगा. आणि राणी? कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची लेक. म्हणजे शक. हा महाक्षत्रप रुद्रदामन असावा. जुनागढच्या लेखात तो सांगतो की सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळचं नातं म्हणून सोडून दिलं.

म्हणून बलश्रीला खोटं ठरवायचं कारण नाही. तिने मुलगा जसा आठवला तसा कोरला. चूक आपली, आपण तिचा शोक वाचायचा सोडून त्यातून शुद्ध रक्ताचा नायक घडवला. त्यात कान्हेरीची सून बसत नाही, म्हणून तिच्यावर फॉरवर्डही येत नाही. लेखाचा दगड झिजलाय, तिचं नाव वाचता येत नाही. पुढच्या रविवारी नॅशनल पार्कात गेलात, तर चैत्यापुढे सेल्फी काढून झाल्यावर पाण्याच्या टाक्यांपाशीही थोडं थांबा.