झाडू, रोलर आणि फिरकी

आमच्या भंडारा जिल्ह्यात, पवनीकडे, धानाची कापणी-मळणी आटोपली की बांध्या मोकळ्या होतात आणि पोरं त्यांत स्टंप रोवतात. चारी बाजूंचे धुरे हीच सीमारेषा. खाली उन्हानं तडकलेली माती आणि तिच्यात उरलेली धानाची धसकटं. अशा खेळपट्टीवर जोरात चेंडू टाकणारा पोरगा सगळ्यांना भारी वाटतो, पण गडी बाद करणारा बहुधा दुसराच असतो. षटक सुरू करण्याआधी तो चार पावलं पुढे जातो, वाकतो, एखादं ढेकूळ उचलून बाजूला टाकतो, एखादी भेग अंगठ्यानं दाबून बघतो. लांबून वाटतं, जागा साफ करतोय. तो खरं तर जागा निवडत असतो.

पळवणकर बाळूंच्या गोलंदाजीत शिरायची वाट मला धुऱ्यावर बसून, त्या वाकण्याकडे पाहताना सापडली. शंभर वर्षांपूर्वीची गोलंदाजी आता वाचावीच लागते: धावफलकांतून, आकड्यांतून, धाकटे भाऊ विठ्ठल यांनी १९४८ साली लिहिलेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रातून, आणि रामचंद्र गुहांनी जमवलेल्या इतिहासातून. कवितेचा अर्थ सांगून झाला तरी तिचा नाद उरतो, तसं या कारकिर्दीचं आहे. जातीच्या अन्यायाची गोष्ट म्हणून ती अनेकदा सांगितली गेली. ती खरीच आहे. पण त्या सांगण्यात चेंडू मागे राहतो. मला आधी चेंडू बघायचा आहे.

सुरुवात मात्र झाडूपासून करावी लागते. बाळूंचा जन्म १८७० च्या दशकात धारवाडचा, कुटुंब मूळचं कोकणातल्या पळवणचं, जात चांभार, वडील लष्करात. पुण्याच्या छावणीत साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि शिवराम हे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात लागली. काम खेळपट्टी झाडण्याचं आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचं, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमाराला ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. जाळी उभारणं, रेघा मारणं, टेनिसची कोर्टं आखणं ही कामं वाढली.

हा नोकरीचा तपशील चरित्रकार पहिल्या परिच्छेदात उरकून टाकतात. माझ्या मते कारकिर्दीचं धृपद इथेच आहे. जो माणूस रोज सकाळी मातीवरून झाडू फिरवतो, त्याला तिचा चढउतार हाताला कळतो. रोलर कुठे जड जातो, कुठे सरकतो, दव कुठे उशिरापर्यंत टिकतं, फलंदाजाच्या बुटानं कुठे खरडलं आहे, हे त्याला ठाऊक असतं. फलंदाज खेळपट्टीकडे बघतो, गोलंदाज तिच्यावर टप्पा टाकतो, पण झाडणाऱ्यानं ती आधीच हातानं वाचलेली असते. बाळूंच्या बाबतीत वाचणारा आणि टाकणारा एकच होता.

रिकाम्या वेळी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हाही त्या चाकरीचाच भाग झाला. शेकडो तास बाळूंनी जाळ्यात गोलंदाजी केली, पण त्यांच्या हातात कोणी बॅट दिल्याचं सांगितलं जात नाही. फलंदाजी ही साहेबाची हौस, गोलंदाजी हे नोकराचं काम. क्लबातले मोठे फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंना चेंडू टाकायला लावत. आपल्याला बाद केलं की दर वेळी ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरी धरली तर हिशोब सोपा आहे: ग्रेगसाहेब आठदा बाद म्हणजे पूर्ण महिन्याचा पगार. क्लबनं केराच्या भावानं घेतलेल्या हाताची खरी किंमत त्या क्लबातल्या सर्वांत चांगल्या फलंदाजाला कळली होती.

आता तो हात बघू. डावखुरी, संथ, बोटांनी दिलेली फिरकी. म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाला चेंडू पायाकडून बाहेर निघत जाणार. ही या प्रकारच्या गोलंदाजाची मूळ चाल, सगळ्यांना माहीत असलेली. नुसत्या तिच्यावर कोणी मोठा होत नाही. समकालीनांनी बाळूंबद्दल जे नोंदवलं त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. चेंडू दोन्ही बाजूंना वळायचा, हवेतच दिशा बदलायचा, आणि हे सगळं करताना हाताची लय सहज, न बदलणारी असायची. या तिसऱ्या गोष्टीत पहिल्या दोन्हींचं रहस्य आहे. एकाच लयीत आलेल्या चार चेंडूंपैकी तीन बाहेर गेले आणि चौथा सरळ आत घुसला, तर फलंदाजाचा डोळा फसत नाही, त्याची सवय फसते. संथ गोलंदाज फलंदाजाला आधी एक सवय लावतो आणि मग तिचाच गळफास करतो. हे धैर्याचं काम आहे. चेंडू उंच द्यावा लागतो, मार खायची तयारी ठेवावी लागते. विल्फ्रेड ऱ्होड्स या इंग्लंडच्या थोर डावखुऱ्या गोलंदाजाशी बाळूंची तुलना झाली ती याच अंगानं.

याच काळात अमेरिकेत बेसबॉलचे पिचर पगारी खेळाडू म्हणून नावारूपाला येत होते. साय यंग १८९० ते १९११ खेळला आणि ५११ विजयांचा, आजवर कोणी गाठू न शकलेला विक्रम ठेवून गेला. पिचरची करामत हातापासून बॅटपर्यंतच्या हवेत संपते. चेंडू जमिनीला लागतच नाही. क्रिकेटच्या गोलंदाजाला मात्र मधे एक तिसरा गडी मिळतो: माती. हवेत चेंडू हाताचा असतो, टप्प्यानंतर तो मातीचा होतो. बाळूंची त्या तिसऱ्या गड्याशी झाडूपासूनची ओळख होती.

म्हणूनच साताऱ्याची हकीगत मला फार बोलकी वाटते. पुण्याच्या हिंदू संघात बाळूंना घ्यावं की नाही यावर बराच वाद झाला. ग्रेगसाहेबांनी वर्तमानपत्रातून, असा गोलंदाज बाहेर ठेवणारे मूर्ख ठरतील, अशा अर्थाचं बोलून दाखवल्यावर तो निवळला. हा संघ साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध गेला तेव्हा यजमानांनी बाळूंची धार बोथट करायला आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला, असं सांगतात. रोलरवाल्याविरुद्ध रोलर! बाळूंनी ७ बळी घेतले. माती दाबून गुळगुळीत केली तर तिसरा गडी गप्प बसेल हा अंदाज चुकीचा नव्हता. पण ज्यानं वर्षानुवर्षं रोलर ओढला त्याला दाबलेल्या मातीचंही मन कळतं, हे यजमानांच्या ध्यानात आलं नाही.

आणि चहा. मैदानावर बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू यष्टिरक्षक झेलायचा, क्षेत्ररक्षक एकमेकांकडे द्यायचे, पॅंटला घासून चकाकी आणायचे. चहाच्या वेळेला मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या मेजावर. फिरकी ही संपूर्ण स्पर्शाची कला आहे. शिवणीवर पहिलं बोट किती, दुसरं किती, सोडताना कुठलं शेवटी, यावर सगळं ठरतं. त्या काळच्या पुण्यात सगळ्यांत जाणता स्पर्श ज्या हाताचा होता, तोच विटाळाचा ठरवला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी विचारलं म्हणतात, की याच्याबरोबर खेळता, तर जेवायला काय हरकत आहे? उत्तर यायला बराच काळ लागला, आणि ते उत्तर आणलं चेंडूनं.

१८९६ ला पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून खेळ. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. या चार आकड्यांतला शेवटचा वाचा. चौथ्या डावात, म्हणजे सगळ्यांच्या बुटांनी खेळपट्टी खरडून झाल्यावर, मातीनं तोंड उघडल्यावर, राज्यकर्त्यांचा संघ १०२ मध्ये आटोपला. तिथे फिरकीचंच राज्य असतं.

या कारकिर्दीचं मुख्य कडवं १९११ चं. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. १४ प्रथम दर्जाच्या सामन्यांत संघ १० हरला, २ जिंकला. पराभवांच्या या ढिगात बाळूंचे आकडे वेगळे उठून दिसतात: संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. लेस्टरशायरविरुद्ध जिंकलेल्या सामन्यात ११ बळी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. त्यात एक बारकावा असा, की १९११ चा इंग्लिश उन्हाळा प्रखर आणि कोरडा होता. डावखुऱ्या संथ गोलंदाजाला तिथे जी चिकट, ओली खेळपट्टी हवी असते, ती त्या वर्षी दुर्मिळ. टणक हिरवळीवर, परक्या मातीत, खांदा दुखत असताना, पस्तिशीच्या माणसानं हे केलं. माती मदतीला आली नाही तिथे हवेतला चेंडू किती शहाणा होता, हे या आकड्यांतून कळतं.

आता सबंध कारकीर्द मांडून पाहू. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. यांतले ७५ बळी एकट्या इंग्लंड दौऱ्यातले, २०.१२ च्या सरासरीनं. ते वजा केले तर उरलेले १०४ बळी जेमतेम १२ धावांना एक पडतात. आपल्या मातीवर बाळू काय चीज होते, ते या वजाबाकीत दिसतं.

धावफलकावरचं नावही वाचण्यासारखं आहे. तिथे हिंदू संघातले पै आहेत, देवधर आहेत, आणि ‘पी. बाळू’ आहेत. आडनाव एका अक्षरात मिटलेलं, पुढे घरातलं हाक मारायचं नाव. यावरून आमच्याकडचं एक आठवतं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. दगडाला आकार देणाऱ्या हातांची नावं मला तरी कुठे सापडली नाहीत. त्या मानानं बाळूंचं नाव निदान कोरलं गेलं, अर्धं का होईना.

पण दान देणाऱ्याची जागा, म्हणजे कर्णधारपद, त्यांना कधी मिळाली नाही. १९१३ मध्ये हिंदूंचे कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी जाहीर भाषणात सांगितलं, की हा मान अनुभवानं मोठ्या असलेल्या बाळूंचा होता. १९२० मध्ये भावांनी अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतलं. शेवटी अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधारपद मिळालं, आणि पै मैदानाबाहेर असताना थोडा वेळ संघ त्यांनी चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्यानं सवय लावली, धाकट्यानं बळी घेतला.

चेंडू ठेवल्यानंतरचा भाग मला विसविशीत वाटतो. इंग्लंडहून परतल्यावर दलित समाजानं बाळूंचा मुंबईत सत्कार केला, त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता असं म्हणतात. पुढे पुणे कराराच्या सुमारास वाटा फुटल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना त्याच आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. मतं पडली ती अशी: आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. इथे चेंडू कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातातून सुटतो आहे असं जाणवतं. टप्पा बाळूंनी निवडलेला नाही. निवडणुकीची माती बाबासाहेबांनाही दर वेळी साथ देत नव्हती. १९५४ ची पोटनिवडणूक ते आमच्या भंडाऱ्यातून हरले. पुढच्या वर्षी, जुलै १९५५ मध्ये, बाळू गेले.

१७९ बळींचा आकडा मी पुष्कळदा वाचतो, आणि दर वेळी तो अपुरा वाटतो. त्याची मोजणी १९०६ च्या आसपास सुरू होते, बाळू तिशीत पोचल्यावर. त्याआधी चौदा-पंधरा वर्षांचा हात कोणत्याच वहीत नाही. पहाटेच्या उजेडात ग्रेगसाहेब कितीदा फसले, किती आठ आणे झाले, कोणी मांडून ठेवलं नाही. प्रत्येक बळीची खूण फक्त त्या खेळपट्टीवर उमटली असेल, टप्प्याचा एक छोटा खड्डा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूंनीच ती झाडून काढली असेल.