कात्यायनीचे मौन

२०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एका वृद्ध पतीची घटस्फोटाची मागणी फेटाळली. पतीचे वय ८९, पत्नीचे ८२. विवाह १९६३ सालचा, आणि प्रकरण १९९६ पासून न्यायासनापुढे चाललेले. 'घटस्फोटिता' ही मुद्रा कपाळी घेऊन आपल्याला मरावयाचे नाही, असे त्या वृद्धेचे म्हणणे होते. न्यायालयाने त्या भावनेचा मान राखला. अशी वार्ता कानी आली की सुशिक्षित मंडळींतही एकच उद्गार उमटतो : या वयात, आता कशाला? वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र हा उद्गार सहज सोडून देता येत नाही. 'आताच का?' हा कोणत्याही कथानकाला विचारावयाचा पहिला प्रश्न होय. आणि उत्तरायुष्यातील ताटातुटीच्या संदर्भात आपल्या वाङ्मयाने तो क्वचितच विचारला आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'घटस्फोट' हा मूळचा धर्मशास्त्रातील विधी. पतिताला जिवंतपणीच मृत समजून त्याच्या नावाचा पाण्याचा घडा लवंडावयाचा आणि त्याच्याशी सर्व व्यवहार तोडावयाचा. विवाह मोडण्यासाठी मराठीने हा शब्द उचलला तेव्हा त्यातले सुतकही बरोबर आले. त्या ८२ वर्षांच्या बाईंना वाटलेली भीती काही अंशी या शब्दातच दडलेली आहे. वास्तविक आपल्यापाशी इतर शब्द होते. ज्या जातींत काडीमोड रूढ होती त्यांना ती मरणप्राय वाटत नसे. आणि 'फारकत' हा तर देण्याघेण्याचा हिशेब चुकता झाल्याचा शब्द. बडोदे संस्थानाने १९३१ मध्येच हिंदूंना विवाहविच्छेदाचा कायदा दिला. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९४७ मध्ये झाला, आणि देशाला तो १९५५ मध्ये मिळाला. पांढरपेशा लेखकाच्या मनातून मात्र तो फुटलेला घडा गेला नाही.

हे सारे पश्चिमेकडील वारे आहे, असाही एक आक्षेप असतो. तो टिकणारा नाही. उतारवयात घर सोडण्याची वाट आपल्या परंपरेने आखून दिलेलीच होती. फक्त ती पुरुषासाठी होती. वानप्रस्थाला निघणाऱ्याने पत्नीला पुत्रांच्या हवाली करावे अथवा बरोबर न्यावे, असे मनुस्मृती सांगते. पत्नीच्या इच्छेची तेथे विचारपूस नाही. मौज अशी की, ज्या संन्यासाला आपण आश्रमांत सर्वोच्च स्थान दिले, तोच १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाच्या कारणांत नोंदविला आहे.

बृहदारण्यक उपनिषदातील प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघतो आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये वाटणी करून देऊ म्हणतो. वित्ताने अमरत्व मिळेल काय, असे मैत्रेयी विचारते, आणि तेथून आत्मविद्येचा तो थोर संवाद सुरू होतो. आपण वर्गात तो भक्तिभावाने शिकवितो. कात्यायनीचे काय झाले? सामान्य स्त्रियांची असते तेवढीच तिची समज, अशी एका ओळीत तिची बोळवण होते. जिच्या वाट्याला ते वित्त आले, ते रिकामे घर आले, तिला याज्ञवल्क्याने काही विचारल्याचे उपनिषद सांगत नाही, आणि तीही बोलत नाही.

आपल्या रंगभूमीने वार्धक्याची वेदना पुष्कळ दाखविली; पण फिर्याद नेहमी मुलांवर. 'नटसम्राट' (१९७०) मधील बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतो. हातचे सारे देऊ नये, असे कावेरीला वाटत होते. परंतु पतिपत्नींमधील हा मतभेद नाटक फुलवीत नाही, कारण नाटककाराला दोघांना एकाच बाजूस उभे करावयाचे आहे. दळवींच्या 'संध्याछाया'तही वृद्ध जोडपे एकजीव आहे आणि दुःख येते ते दूर गेलेल्या मुलांकडून. या नाटकांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण पन्नास वर्षांच्या सहवासातून परस्परांविषयीच साचलेले काही असते, हे त्यांच्या परिघाबाहेर राहिले.

ते परिघात आले ते आत्मचरित्रातून. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिकेने साठी ओलांडली होती आणि लग्नाला ४४ वर्षे झाली होती. पुस्तकात कोठेही विच्छेद नाही. त्या घर सोडून गेल्या नाहीत. तरीही उतारवयातील फारकतीचे जे अंतरंग, म्हणजे झालेल्या आयुष्याचा खतावणीसारखा फेरतपास, ते मराठीत इतक्या निर्भयपणे क्वचितच उतरले असेल. लग्नाचे बंधन ज्यांना मुळात नकोसे होते, त्यांनीच ते स्वीकारले आणि निष्ठेने निभावले. मग त्यात आपल्या वाट्याला काय आले, हे त्या विचारतात. एका लोकप्रिय साहित्यिकाविषयीची तक्रार म्हणून अनेकांनी पुस्तक वाचले, आणि तेव्हाही तोच सूर निघाला : आता कशाला? उत्तर पुस्तकाच्या पोतातच आहे. आठवणी कालक्रमाने येत नाहीत. एकीतून दुसरी निघते, जुना प्रसंग नव्या अर्थाने परत येतो. तिशीतल्या लेखणीपाशी हा पुरावाच नसतो. लेखिका स्वतःलाही सूट देत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या कठोरपणावर विश्वास बसतो. एक उणीव मात्र जाणवते. येथे 'भाई' पुष्कळ दिसतात, पण त्यांचे प्रत्युत्तर ऐकू येत नाही. आणि आत्मचरित्राच्या घाटात ते बसविणे कठीणच होते.

नाटकाला ते शक्य असते. महेश एलकुंचवारांच्या 'आत्मकथा'मध्ये वयोवृद्ध लेखक राजाध्यक्ष एका अभ्यासक तरुणीला आपले जीवन सांगतो आहे. पत्नी उत्तरा त्याच्यापासून कधीच वेगळी झालेली. त्याने जे कादंबरीत घातले, जे आता तो सांगतो आणि जे उत्तरेला आठवते, ते परस्परांशी जुळत नाही. आणि कोणते खरे, हा निवाडा नाटककार देत नाही. 'आताच का?' या प्रश्नाला येथे नाट्याचे बळ लाभते, कारण दोघांपाशी आता गमावण्यासारखे फारसे उरलेले नाही. माझी तक्रार इतकीच की, उत्तरेला बोलावयास निमित्त लागते ते अखेर पतीच्याच आत्मचरित्राचे. तिने आपल्या वेगळ्या घरात ती सारी वर्षे कशी काढली, सकाळचा पहिला चहा कोणासाठी केला, हे मला त्या नाटकातून जाणून घ्यावयाचे होते.